माहेरी आलेल्या मातेस परत पाठवू नये

आमच्याकडे आता एक साधी पद्धत पडली आहे. गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी निघाली की सासरच्या उपकेंद्रातली सिस्टर माहेरच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन करते. बाईचं रक्त किती, रक्तदाब कसा, आधीचं बाळंतपण कसं झालं, हे सगळं सांगते आणि शेवटी म्हणते, "आता ती तुझी." आम्ही ह्याला पाठवणीचा फोन म्हणतो. नव्याने लागलेल्या मुलींना वाटतं, हे वर मुंबईत कुणीतरी बसून ठरवलं असणार. मी त्यांचा गैरसमज लगेच दूर करते. मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुनाच लौकिक आहे.

हे आम्ही सुचवलं. मी रोह्याकडची आणि माझी मैत्रीण पेणकडची, दोघी उपकेंद्रातल्या साध्या नर्स. ते सुचवताना माझ्या डोक्यात सार्वजनिक आरोग्याचं धोरण वगैरे काही नव्हतं. मला स्वतःला माहेरचं बाळंतपण मिळालं नव्हतं आणि ज्या बायकांना मिळतंय त्यांचं ते कुणी काढून घेऊ नये, एवढंच मला फार आतून वाटत होतं.

माझं माहेर पेणजवळ. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. नंतर लग्न होऊन मी रोह्याला आले. नवरा धाटावच्या कंपनीत, घर रोह्याजवळच्या वरसे गावात, सासूबाई हयात. मला दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात बाबा आले. पेणचे पोहे, पापड आणि एक नवं लुगडं पिशवीत घेऊन खुर्चीच्या कडेला बसले. त्यांच्या नखांत गणपतीच्या कारखान्यातली शाडू तशीच होती. म्हणाले, "चल गो पेणला."

मी मनात घर आठवून पाहिलं. सकाळी कारखान्यात जाऊन दिवेलागणीला येणारे बाबा, कॉलेजातला धाकटा भाऊ, आणि स्वयंपाकघरात कुणीच नाही. तिथे मला न्हाणीत पाणी कोण काढून देणार? बाळाला तेल कोण लावणार? मी म्हटलं, "बाबा, इथे सगळं हाय. दवाखाना जवळ हाय. कशाला उगीच?" ते "बरं" म्हणाले, चहा प्याले आणि दुपारच्या गाडीने परत गेले. सासूबाईंनी माझं बाळंतपण नीट केलं, त्यात मी काही उणं काढणार नाही. तरी शेक घेताना धुराच्या निमित्ताने मी बऱ्याचदा रडून घेतलं. आई हवी होती. ते घर हवं होतं. काय मिळालं नाही ते मला तेव्हा धड सांगताही आलं नसतं, पण ती हुरहूर आजही गेलेली नाही. माझ्या हद्दीतल्या कुठल्याही गरोदर बाईला न्यायला तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला की ती मागे बसून निघेपर्यंत मी उपकेंद्राच्या दारात उभी राहते.

तर अशात एका वर्षी सूचना आली. गरोदर मातेने जिथे नोंदणी झाली आहे तिथेच प्रसूतीपर्यंत राहावं, सिस्टरने तिला आणि घरच्यांना तसं समजावावं. सूचना काढणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. बायका माहेरी जायच्या आणि मधल्या मध्ये हरवायच्या. सासरच्या सिस्टरला ती कुठे आहे ते कळायचं नाही. माहेरच्या सिस्टरकडे गेली तर ती म्हणायची, तुझं कार्ड तिकडचं, तिकडेच जा. पाहुणी बाई दोन्हीकडे परकी. त्यात एखादीचं काही बरंवाईट झालं की जबाबदार कोण, ह्यावर वर नुसती पत्रापत्री चालायची. मग कुणाला तरी वाटलं, बाईला हलूच दिलं नाही तर प्रश्नच मिटला.

प्रश्न असा मिटत असता तर काय हवं होतं! पहिलटकरणीने माहेरी जायचं हे आमच्याकडे भाताच्या लावणीइतकं ठरलेलं. कुणब्याची असो, आगऱ्याची असो, नाहीतर मोहल्ल्यातली नवरा आखातात असलेली मुसलमानाची सून असो, आईकडची माणसं न्यायला येणारच. मी मात्र नोकरी करणारी. घरोघर जाऊन सांगितलं, बायांनो, इथेच राहा, सगळी सोय आहे. सगळ्याजणी मान हलवायच्या. "व्हय बाई, तुमचं बरोबर हाय." मला वाटलं, काय शहाणी गावं आहेत माझी.

मग डोहाळजेवणाची आमंत्रणं थांबली. त्याआधी माझ्या हद्दीत कुठेही ओटी भरायची असली की पहिला निरोप सिस्टरला असायचा. मी नाही गेले तर वडे डब्यात घालून उपकेंद्रावर पोचते व्हायचे, आणि ते खाऊन मी अंगाने कशी झाले आहे ते माझ्याकडे बघून कुणालाही कळेल. त्या वर्षी महिन्यामागून महिने गेले तरी कुठे वडा नाही की करंजी नाही. आधी मला वाटलं, ह्या साली दिवस गेलेल्या बायकाच कमी असतील. पण कार्डं तर माझ्याच कपाटात होती, आणि त्यांत सातवा महिना लागलेल्या बऱ्याच बायका होत्या.

एक दिवस भर दुपारी एका घरावरून जात होते. दार ओढून घेतलेलं, आणि आतून तळणाचा वास. आमच्या गावांत दिवसा दार कुणी लावत नाही. मी हाक मारली तर आतल्या बायकांचं बोलणं एकदम बंद. म्हातारी सासू हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"काय नाय बाई, देवाचं हाय जरा."

तिच्या खांद्यावरून मला आत तिची सून दिसली. हिरवी साडी, हिरवा चुडा, दंडाला आणि कपाळाला फुलांची वाडी. मांडीवर नारळ तसाच धरून ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या देवाला कितवा महिना?"

एरवी सगळ्या हसल्या असत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही. म्हातारीने मला दारातच एका ताटलीत दोन वडे आणून दिले. मी ते पायरीवर बसून खाल्ले आणि उठून आले. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. ज्या घरांत मला चुलीपर्यंत जाता येत होतं तिथे मी आता पायरीवरची माणूस झाले होते. एका सूचनेने मला नर्सची पोलीस करून टाकलं होतं, असं म्हणा.

त्या सुनेची मला काळजी होती. तिचे पाय सुजत होते आणि मागच्या तपासणीला रक्तदाब जरा वर होता. दर आठवड्याला दाखवायला ये, असं मी तिला बजावून ठेवलं होतं. ती आली नाही. घरी गेले तर म्हातारी म्हणाली, मामाकडे जत्रेला गेलीय. ते जत्रेचे दिवसच नव्हते. तिच्या नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ती बाजारात गेलीय. मी विचारलं, "कुठल्या बाजारात? जत्रेतल्या?" त्याने फोन ठेवला.

तिचं माहेर पेणच्या खारेपाटातलं, खाडीलगतचं, हे मला माहीत होतं. त्या भागात माझी मैत्रीण सिस्टर. आम्ही ट्रेनिंगला एका खोलीत राहिलेल्या. गंमत अशी, की माझं माहेर तिच्याकडे आणि तिचं माहेर इकडे रोह्याजवळच्या मोहल्ल्यात. तिच्या अम्मीचा रक्तदाब मी बघायची आणि त्या बदल्यात सांदण खाऊन यायची. मी तिला फोन केला, म्हटलं, "माझी एक बाई तुझ्या हद्दीत लपलीय. शोध."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिथली आशा कार्यकर्ती आधी त्या घरी जाऊन आली होती. तिला सांगण्यात आलं, आमची पोर सासरीच हाय. मग मैत्रीण स्वतः गेली. ओसरीवर बसली, पाणी मागितलं आणि आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी कुणाला परत धाडाय आलेली नाय. नुसते पाय बघते नि जाते." बराच वेळ काही झालं नाही. मग आतून ती मुलगी भिंतीला धरून बाहेर आली. चेहरा सुजलेला, डोकं धरलेलं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रक्तदाब बघून मैत्रिणीने पुढे काही विचारलंच नाही. गाडी बोलावली आणि तिच्याबरोबर स्वतः आत बसली.

मुलगी वाचली. तिला मुलगीच झाली, चिमणीएवढी, पण रडली आणि जगली. दोघी घरी आल्यावर मैत्रिणीने तिला विचारलं, एवढं डोकं दुखत होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही रोह्याला परत धाडलं असतं." आईच्या घरी, आईशेजारी झोपून, ती झटके यायच्या बेताला आली होती, पण आम्हाला दिसायला तयार नव्हती. आईलाही तिने शपथ घातली होती. आईनेही ती पाळली. आमच्याकडच्याच बायका असं करू शकतात.

मैत्रिणीने हे सगळं मला फोनवर सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, "आता बोलायला पायजे गो." मी म्हटलं, "बोलूच."

अलिबागला जिल्ह्याची बैठक असते. डॉक्टर पुढे, आम्ही मागे. आमच्यापर्यंत विषय येईतो चहा संपलेला असतो. त्या दिवशी मैत्रीण पेणहून आणि मी रोह्याहून, दोघी स्टँडवर भेटलो. तिने वाटून टाकलं: काय करायचं ते ती सांगणार, का करायचं ते मी. "सगळं तुझ्याकडे दिलं तर भांडशील," असं तिने मला तोंडावर सांगितलं. ते खरंही होतं.

बैठक घेणाऱ्या, जिल्ह्याच्या आरोग्य खात्याच्या मोठ्या मॅडम कडक होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. आम्ही उभ्या राहिलो. मैत्रिणीने नीट मांडलं. बायका जाणारच आहेत, फक्त आता आम्हाला न सांगता जातात. त्यांना अडवण्यापेक्षा निघायच्या आधी एक फोन करू द्या. जिथे जाईल तिथली सिस्टर तिला आपली म्हणून घेईल. पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं, मग काम कुणाच्या नावावर धरायचं? ती म्हणाली, "दोघींच्या धरा. मूल काय एकटीने होतं?" मागची सगळी रांग हसली.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला एक समजत नाही. गोळ्या आपण देतो, तपासण्या आपण करतो, गाडी येते, दवाखाना आहे. आपण सासरी काय कमी करतो? माहेरी तिला असं वेगळं काय मिळतं?"

हा माझा भाग होता. मी वाक्यं पाठ करून आले होते. रूढी, मानसिक आधार, समाजाचा सहभाग, बैठकीत शोभतील असे शब्द. ते सगळे गेले. मला आठवलं ते वरशातलं माझं घर. नवऱ्याच्या पहिल्या पाळीचा डबा. बाळ कुशीत, आणि स्वयंपाकघरात सासूबाईंच्या भांड्याचा आवाज. मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. मी आपली आपणच उठत होते.

मी म्हटलं, "मॅडम, माहेरी ती झोपते."

 मी पुढे बोलत गेले. सासर वाईट असतं असं नाही. चांगल्या सासरीसुद्धा बाई एक कान उघडा ठेवून झोपते. आठव्या महिन्यात पाय वर करून दुपारभर पडायचं तर तिला आईचंच घर लागतं. आम्ही कार्डावर विश्रांती असं लिहितो, पण ती विश्रांती मिळते कुठे ते तिला ठाऊक असतं आणि ती तिकडे पळते. पळणाऱ्या बाईला आपण अडवतोय. मग मी खाली बसले. भांडले मात्र नाही. माझ्या शेजारची वयस्कर सिस्टर पदराने डोळे पुसत होती.

मॅडमनी विचारलं, "फोन कुणी करायचा आणि कधी?"

तिथून सुरुवात झाली. आधी फक्त पेण आणि रोहा तालुक्यांत करून बघा म्हणाल्या. वाटतं तितकं ते सोपं गेलं नाही. कुणी फोन करायचं विसरे, कुणी उचलत नसे, पावसात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलं की गाडी अडकायची आणि आम्ही दोघी दोन्ही टोकांना जीव मुठीत धरून बसायचो. पण बायका पुन्हा सांगायला लागल्या. बाई, अमक्या दिवशी भाऊ येतोय न्यायला, तुमच्या सिस्टरला कळवा. वडेही परत सुरू झाले. पुढे बऱ्याच काळाने सगळ्या जिल्ह्यासाठी पत्र निघालं. मैत्रिणीचं वाक्य होतं, "माहेरी आलेल्या बाईला कुणी परत पाठवायचं नाय." पत्रात ते "माहेरी आलेल्या मातेस परत पाठवू नये" असं झालं. आमचं नाव त्यात कुठे नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी लोकांना सांगते. थोडं वाटलं.

पत्र निघालं त्या आठवड्यात मैत्रीण म्हणाली, "सगळ्यांना पेणला धाडतेस. तू कधी येतेस?" माझं जाणं म्हणजे गणपतीत सकाळी जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत, असंच झालेलं. मी रविवारची गाडी धरली.

बाबा आता कारखान्यात जात नाहीत. भाऊ नोकरीसाठी पनवेलला, त्यामुळे घरात ते एकटेच. त्यांनी भात, आमटी आणि सुका जवळा केला होता, आणि कांदा जरा जास्तच लाल झाला होता. जेवताना मी त्यांना ती पत्राची सगळी गोष्ट सांगितली, अर्थात मीठमसाला लावून. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "नि जिची आई नाय, ती कुठं जाणार?"

मी म्हटलं, "ती कुठे जाणार बाबा? ती नाय जात."

त्यांनी ताटात पाणी ओतलं, हात धुतला. मग म्हणाले, "तेव्हा मी बाज विणून घेतली व्हती. कारखान्यातून महिनाभराची सुट्टी पण मागून ठेवली व्हती. शेजारच्या काकीला तेल लावायला सांगितलं व्हतं. डिंक आणला व्हता."

मी हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"चल, असं बोललो व्हतो ना. अजून काय बोलायचं असतं?"

एवढी वर्षं मी आई नसलेल्या घरासाठी झुरत होते, आणि त्या घरात माझी वाट बघितली गेली होती. मी विचारलं, बाज कुठे आहे? त्यांनी ती केव्हाच काकीच्या मुलीला दिली होती, तिच्या बाळंतपणाला. मी दोघांची ताटं उचलून मोरीत नेऊन ठेवली. बोलले असते तर नुसती रडले असते, आणि त्यांना ते झेपलं नसतं.

त्यांनी मधल्या खोलीत चटई टाकली, त्यावर आईची गोधडी टाकली आणि म्हणाले, "पड जरा." मी भिंतीकडे तोंड करून पडले. ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने गल्लीतली पोरं ओरडत आली तेव्हा त्यांना "हळू रे" म्हणाले. मग काकी दारात येऊन विचारत होती, पोर आलीय ना तुमची, बोलवा की बाहेर. बाबा आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "निजलीय ती. मागाहून ये."

मी जागीच होते. पण उठले नाही.